आमच्यावर लिहिलेलं आमच्या हातात द्या



डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी संस्थेच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा प्रश्न निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत? शहरातल्या विद्यार्थ्यांना राग आला आणि तो यायलाच पाहिजे होता. पण आपल्या वाड्यापाड्यांवर हा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा बऱ्याच जणांनी मान हलवली. कारण पीएच.डी.वाले येऊन गेलेले आपण पाहिलेत. भाकरी खाऊन गेले, फोटो काढून गेले, वही भरून गेले. पुढे त्या वहीचं काय झालं हे कुणाला ठाऊक नाही.

म्हणून या अंकात आम्ही याच विषयावर लिहायचं ठरवलं. संशोधनाचा पैसा कुणाचा आहे, तो कुणाला मिळतो, आणि ज्या गावावर संशोधन होतं त्या गावाला त्यातून काय मिळायला पाहिजे, हे बघू.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. समाजाच्या अभ्यासाला पैसा मिळालाच पाहिजे. आत्ता मिळतो त्याहून जास्त मिळाला पाहिजे आणि वेळेवर मिळाला पाहिजे. पण तो पैसा घेऊन जो कुणी आपल्या गावात येईल, त्याचं लिहिलेलं मराठीत, सहीशिक्क्यानिशी, ग्रामसभेच्या दप्तरात जमा झालं पाहिजे. ही मेहरबानी आपण मागत नाही. ते कागद आपल्या जमिनीचा पुरावा आहेत.

पुरावा कसा, ते बघा

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ साली आले. त्यातल्या नियम १३ मध्ये दाव्यासाठी कोणकोणते पुरावे धरायचे याची यादी आहे. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती ही नावं आपल्याला पाठ झालीत. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा धरतात. शेताला घातलेला बांध, केलेलं सपाटीकरण धरतात. वंशावळ धरतात. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब धरतात.

याच यादीत आणखी एक कलम आहे, जे आपण फारसं वापरत नाही. नामांकित संस्थांनी केलेले संशोधन-अभ्यास आणि रूढी-परंपरांच्या नोंदी हाही पुरावा आहे. दाव्यावर निर्णय घेताना एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे, असंही तोच नियम सांगतो.

आता विचार करा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ही जमीन कसतो, हे आपल्याला दाखवायचं असतं. इतर पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. आपल्याकडे कागद नाही म्हणून दावे पडतात. आणि तिकडे १९७५ किंवा १९९० साली कुणी विद्यार्थी आपल्या वाडीत राहून गेलेला असतो. वाडीत घरं किती, डोंगरउतारावर नाचणी-वरई कोण पिकवतं, हिरडा कोणत्या रानातून गोळा होतो, देवाचं रान कोणतं, मेलेल्याला कुठं पुरतात, हे सगळं त्यानं तारखेसकट लिहिलेलं असतं. त्यावर त्याला पदवी मिळालेली असते. तो प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आहे आणि आपला दावा पुराव्याअभावी नामंजूर होतो.

हे वरवरचं दुखणं नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून बाहेर काढायचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत देशातल्या लाखो घरांत चूल पेटवतानाही भीती होती. फेटाळलेल्या दाव्याची टांगती तलवार काय असते हे तेव्हा कळलं. असा एखादा जुना कागद ज्या गावाच्या हातात असता, त्या गावाची बाजू बळकट झाली असती.

असे कागद आहेत. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवराया गावोगाव हिंडून नोंदवल्या. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली, ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापली. लोक कुठून उठले, कुठं गेले, हे तिथे लिहून ठेवलेलं आहे. चांगलं संशोधन साक्षीदाराचं काम करतं, आणि हा साक्षीदार माणूस मेल्यावरही बोलतो.

उलटा साक्षीदार

साक्षीदार आपल्या विरोधातही बोलू शकतो, हेही सांगितलं पाहिजे.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. गो. स. घुर्ये हे विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकून आले आणि १९२४ पासून त्यांनी तो विभाग चालवला. १९५१ साली भारतीय समाजशास्त्र परिषद त्यांनीच उभी केली. म्हणजे या देशातल्या समाजशास्त्राची सुरुवातच प्रवासाच्या आणि शिक्षणाच्या मदतीवर झाली. त्याच घुर्यांनी १९४३ च्या पुस्तकात आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटलं. ते पुस्तक पुण्याच्या गोखले संस्थेनं काढलं होतं. १९५७ साली त्यांचं महादेव कोळ्यांवर पुस्तक आलं. आपण कोण, हे आपल्याला न विचारता ठरलं आणि इंग्रजीत छापलं गेलं.

त्या पुस्तकांचं आज काय होतं? जात पडताळणी समितीसमोर आपलं पोर उभं राहतं. तिथे आप्तभाव चाचणी घेतात. म्हणजे तुमचा देव कोणता, लग्नात काय विधी करता, मयताला काय करता, कुळं कोणती, बोली कशी, असं विचारतात आणि उत्तरं जुन्या पुस्तकांतल्या वर्णनांशी ताडून बघतात. पुस्तकात लिहिलेला विधी आजोबांच्या काळातच थांबला असेल, किंवा पोर आश्रमशाळेत वाढल्यामुळे त्याला तो माहीतच नसेल, तर शंका घेतात. खोटे दाखले काढून आपल्या जागा खाणारे लोक आहेत, त्यांना अडवायलाच पाहिजे. पण खऱ्या आदिवासीला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची परीक्षा द्यायला लावणं हा कुठला न्याय? आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की ही चाचणी म्हणजे खऱ्याखोट्याची शेवटची कसोटी नव्हे, आणि प्रत्येक प्रकरणात ती घ्यावीच असंही नाही.

तेव्हा 'संशोधकांच्या कागदाशी आमचा काय संबंध' असं कुणी म्हणू नये. त्या कागदावर आपली जमीन आहे आणि आपल्या पोरांचा दाखलाही आहे. तो कोण लिहितो आणि लिहून झाल्यावर तो कुणाकडे राहतो, हा आपल्या लढ्याचा विषय आहे.

याला दुसरी बाजूही आहे. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीत जन्मलेले डॉ. गोविंद गारे हे आपल्यातलेच. ते शिकले, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले, आणि महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींवर त्यांनी मराठीत लिहिलं. आपलं पोर त्या खुर्चीत बसतं तेव्हा लिहिण्यात काय फरक पडतो, हे त्यांची पुस्तकं वाचणाऱ्याला सांगायला नको. असे गारे आणखी शंभर पाहिजेत. मग पैशाचा प्रश्न येतो.

पैशाचं गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची वेगळी अधिछात्रवृत्ती आहे. पूर्वी ती राजीव गांधींच्या नावानं होती, २००५-०६ पासून सुरू आहे. साऱ्या देशात मिळून वर्षाला ७५० नव्या जागा. दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ ची. ती संशोधनाला पैसे देते, परदेशातल्या परिषदेत निबंध वाचायला जाणाऱ्यांना प्रवासखर्च देते. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे.

ऐकायला ३७,००० मोठे वाटतात. पण ज्यांना यातलं काही मिळत नाही असे पुष्कळ आहेत. नेट परीक्षेतून न आलेल्या, केंद्रीय विद्यापीठांतल्या संशोधकांना महिन्याला ८,००० मिळतात. तेही २०१५ च्या ऑक्टोबरात बंद करायला निघाले होते. दिल्लीत पोरांनी आयोगाच्या दारात ठाण मांडलं म्हणून वाचले. आपल्याकडे २०२३ मध्ये बार्टीचे संशोधक विद्यार्थी मुंबईत आझाद मैदानावर महिनोन्‌महिने बसून होते. मागणी काय, तर नोंदणी झालेल्या सगळ्यांना फेलोशिप द्या.

आणि गावात यायचा पैसा? अधिछात्रवृत्तीत 'आकस्मिक खर्च' म्हणून वेगळी रक्कम असते. समाजशास्त्र-भाषा वगैरे विषयांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये, पुढे २०,५००. दहा हजाराला बारानं भागा. महिन्याला साधारण ८३३ रुपये येतात. त्यात पुस्तकं, झेरॉक्स, टायपिंग आणि गावोगावचा प्रवास. एवढ्या पैशात माणूस गावात दोन दिवस राहील, सरपंचाला आणि मास्तरला भेटेल आणि परत जाईल. पावसाळ्यात वाट बंद असते तेव्हा येणार नाही. बायका रानातून संध्याकाळी येतात तोवर थांबणार नाही. मग प्रबंधात लिहितो की गावाचं म्हणणं अमुक आहे. ते दोन माणसांचं म्हणणं असतं.

या हिशेबात आणखी एक रकाना आम्ही शोधला, सापडला नाही. संशोधकाच्या बसभाड्याला जागा आहे, कागदाला आहे, छपाईला आहे. ज्या बाईनं अर्धा दिवस मजुरी बुडवून त्याला वंशावळ सांगितली, ज्या पोरानं त्याला चार डोंगर फिरवून हद्दी दाखवल्या, त्यांच्यासाठी ओळ नाही. गावाला परत येऊन निष्कर्ष सांगायच्या प्रवासाला ओळ नाही. मराठीत सारांश छापायला ओळ नाही. पैसे देणाऱ्यांनी ही ओळ घातलेली नाही, आणि मागणाऱ्यांनीही ती मागितलेली नाही.

रावेतच्या खोलीतून

या सगळ्याची चर्चा आम्ही रावेतला बसून केली. रावेत ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंपरी-चिंचवडच्या कडेला पवना नदीवरचं ते मूळचं शेतीचं गाव. आता तिथे उंच उंच इमारती आहेत. आकुर्डी स्टेशन जवळ, शेजारच्या किवळ्याहून मुंबईचा द्रुतगती मार्ग सुरू होतो, औंध-रावेत रस्त्यानं विद्यापीठाकडे जाता येतं. म्हणून जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि अकोले तालुक्यातून आलेली आपली पोरं त्या भागात कॉट बेसिसवर राहतात. कुणी चाकण-भोसरीच्या कंपनीत, कुणी कॉलेजात, कुणी दोन्हीकडे.

दोन्हीकडे का, ते ऐका. आमच्यातली एक मुलगी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. तिची अधिछात्रवृत्ती मंजूर आहे, पण सात महिने खात्यात रुपया आला नाही. ज्या कार्यालयात विचारायला जावं तिथून दुसऱ्या टेबलाकडे पाठवतात. अधिछात्रवृत्ती घेणाऱ्यानं पगारी नोकरी करायची नाही असा नियम आहे. कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. नियम पाळावा तर उपाशी राहावं, नोकरी करावी तर फेलोशिप जाईल. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे त्याला सात महिन्यांचा उशीर म्हणजे कटकट. आपल्या पोरीला सात महिन्यांचा उशीर म्हणजे शिक्षण सुटायची वेळ. किती मंजूर झाले हे जाहीर करून सरकारचं काम संपत नाही. पैसे महिन्याच्या महिन्याला पोचले पाहिजेत.

तिनं विषय निवडला होता तो असा. रावेतच्या बंधाऱ्यावरून महापालिका पवनेचं पाणी उचलते, निगडीला शुद्ध करते आणि शहराला पाजते. ते पाणी वरून, मावळातल्या पवना धरणातून येतं. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं पुनर्वसन अजून पुरं झालेलं नाही. त्याच धरणातून निगडीपर्यंत बंद नळानं पाणी न्यायचं ठरलं, तेव्हा मावळातले शेतकरी उठले. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे मारले गेले. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिनसुद्धा. आपण दरवर्षी तो दिवस पाळतो तेव्हा मावळच्या या तिघांचीही आठवण काढतो.

मुलीचं म्हणणं, मला रावेतमधल्या सोसायट्यांत जाऊन विचारायचं आहे. तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं, तुम्हाला ठाऊक आहे का? ज्यांची जमीन बुडाली त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? तिला सल्ला मिळाला की त्यापेक्षा तुम्ही तुमच्या जमातीच्या लग्नपद्धतीवर करा, ते तुम्हाला सोपं जाईल.

हा सल्ला चांगल्या मनानं दिला असेल. पण त्यात जी समजूत आहे ती आम्हाला मान्य नाही. शहरातल्यानं डोंगर चढून आपला अभ्यास करायचा, आणि आपल्या पोरानंही शिकून सवरून आपलाच अभ्यास करायचा. शहराचा अभ्यास आपण करायचा नाही. का नाही? धरण कुणासाठी बांधलं, अभयारण्य कुणासाठी राखलं, वीटभट्टीवर गेलेल्या कातकऱ्याच्या विटेतून कुणाचं घर उभं राहिलं, याची उत्तरं वाडीत बसून मिळत नाहीत. ती रावेतला, चाकणला, मुंबईला मिळतात. तिथे जायला, राहायला, फिरायला आपल्या पोरांना पैसा मिळाला पाहिजे. संशोधनाच्या प्रवासखर्चाचा आम्ही लावतो तो अर्थ हा.

समुद्रापलीकडे जायचा हक्क

हाच अर्थ पुढे नेला तर परदेशापर्यंत जातो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ ला तिथे त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आपल्या समाजाकडे लांबून बघायला मिळालं, जगातल्या दुसऱ्या समाजांशी ताडून बघायला मिळालं, त्याचं मोल काय झालं हे सांगायची गरज नाही.

आणि २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं काय केलं? अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवणारी जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, तिच्या नियमांत अट घातली की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत. म्हणजे यंत्र शिका, औषध शिका, पण तुमच्यावर अन्याय का होतो हे तिथे जाऊन शिकू नका. या अटीखाली १९१६ चा तो निबंध बसला नसता.

आदिवासींची परदेशी शिष्यवृत्ती वेगळ्या मंत्रालयाची आहे. वर्षाला अवघ्या २० जागा, त्यातल्या ३ कातकरी-कोलाम-माडिया यांच्यासारख्या अतिअसुरक्षित जमातींसाठी, त्याही देशभरात मिळून. शेजारच्या घराला आग लागल्यावर आपण आपलं छप्पर बघत बसत नाही. दुसऱ्यांच्या शिष्यवृत्तीवर घातलेली अट उद्या आपल्याकडेही येऊ शकते. म्हणून तिला विरोध आपणही केला पाहिजे.

गावानं काय करायचं

दोन उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवू.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात पहिल्यांदा ज्या गावांना तो मिळाला त्यांत हे गाव. त्या गावात कित्येक वर्षांपासून अभ्यासगट चालतो. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखादा विषय समजून घेतात, निर्णय मात्र ग्रामसभा घेते. बाहेरचा माणूस तिथे येतो तो शिकायला आणि शिकवायला, दोन्हीला. गावाचा अभ्यास गावाच्या समोर होतो.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांचं. हे कालाहारी वाळवंटातले शिकारी. शिकारीला जाताना भूक मरावी म्हणून ते हुडिया नावाची काटेरी वनस्पती चघळत. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्या गुणाचं पेटंट घेतलं आणि ते औषध कंपनीकडे गेलं. सान लोकांना कुणी विचारलं नव्हतं. ते भांडले, तेव्हा २००३ साली त्यांना वाटा द्यायचा करार झाला. पुढे २०१७ मध्ये त्यांनी स्वतःची आचारसंहिता लिहिली. संशोधक कुठलाही असो, आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी या गोष्टी पाळायच्या, आणि आमच्या पंचायतीची ठरलेली रीत पाळून यायचं. आपल्या वैदूंकडूनही पुष्कळांनी झाडपाला विचारून नेला आहे. सान लोकांनी केलं ते आपणही करू शकतो.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं खालील ठराव करावा, असं आमचं सुचवणं आहे.

१. गावात अभ्यासाला येणाऱ्यानं आधी ग्रामसभेत यावं. नाव, संस्था, मार्गदर्शक, विषय आणि पैसे कोण देतं हे सांगावं. ग्रामसभेनं वहीत नोंद करावी.

२. माहिती सांगायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. नको म्हटलं तर नको.

३. वाट दाखवणाऱ्याला, बोलीतून मराठी करून सांगणाऱ्याला आणि दिवस मोडून बसणाऱ्याला मजुरी द्यावी. ती रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नसावी.

४. देवाची गुप्त ठिकाणं, औषधी झाडपाला आणि घरातली भांडणं ग्रामसभेच्या व त्या माणसाच्या परवानगीशिवाय छापू नयेत.

५. काम झाल्यावर परत येऊन गावात वाचून दाखवावं. चुकलेलं दुरुस्त करावं.

६. नकाशे, वंशावळी, वडीलधाऱ्यांचे जबाब, फोटो आणि मराठीतला सारांश, संस्थेच्या सहीशिक्क्यासह, तारीख घालून, वनहक्क समितीकडे द्यावा. नियम १३ साठी तो जपून ठेवावा.

हे वाचून काही प्रामाणिक संशोधकांना वाटेल की आता गावात पाऊल टाकायलाच बंदी. तसं नाही. आपल्या लढ्याला अशा लोकांची मदत झाली आहे, पुढेही लागणार आहे. संशोधकानं आपलं गुणगान करावं असंही आम्ही म्हणत नाही. गावात दारू आहे, बाईवर हात उचलला जातो, सावकार आपल्यातलाही असतो. हे लिहिलं तर झोंबेल, पण खरं असेल तर लिहावं. फक्त आधी आमच्या तोंडावर सांगावं. आमच्यातली एक आजी म्हणाली तेच खरं: "माझ्या सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं नाव लिहून नेलंस बाबा, ते परत कधी आणून देशील?"

पैसे देणाऱ्यांकडे मागण्या अशा. अधिछात्रवृत्ती महिन्याच्या महिन्याला द्या. गावात राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा आणि आधी द्या. अर्जातच गावाच्या मजुरीची, मराठी सारांशाची आणि परतफेरीची ओळ घाला. सारांश ग्रामसभेला पोचल्याची पावती लावल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. विषयावर बंधन घालू नका.

आत्ता लगेच होण्यासारखं एक काम आहे, आणि रावेतच्या पोरांनी ते अंगावर घेतलं आहे. विद्यापीठांचे प्रबंध आता इंटरनेटवर शोधगंगा नावाच्या ठिकाणी ठेवतात, ते फुकट वाचता येतात. २००५ च्या आधीचे बरेचसे मात्र जुन्या कपाटांतच शोधावे लागतील. पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, डेक्कन कॉलेज आहे, क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन संस्था आहे. दर रविवारी सुट्टी असते तेव्हा इंटरनेटवर, आणि शनिवारी जमेल तेव्हा ग्रंथालयात बसून, आपल्या तालुक्यांतल्या गावांची नावं कोणत्या प्रबंधात आहेत त्याची यादी पोरं करणार आहेत. त्यांना मदत करायची तर एवढं करा. तुमच्या वाडीत कोण कोण राहून गेलं, साधारण कोणत्या साली, कुठल्या कॉलेजचा होता, कुणाच्या घरी उतरला होता, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. नाव आठवत नसेल तर 'चष्मेवाला, दुष्काळाच्या वर्षी आला होता' एवढंही चालेल. चिठ्ठी पुढच्या तालुका बैठकीला वनहक्क समितीच्या कार्यकर्त्याकडे द्या.

ज्या गावांचे दावे अपिलात आहेत त्यांची नावं यादीत पहिली घ्यायची आहेत. त्यांनी उशीर करू नये.

जिंदाबाद!